डिशची मान

चातुर्मासात विभावरीबाई अंघोळ झाल्यावर बोलत नसत. दुपारी देवाला नैवेद्य दाखवला की मगच तोंड उघडायचं. मधल्या वेळात कुणी काही विचारलंच, तर होय किंवा नाही, एवढी मान हलवायची. लिहून दाखवायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. त्यांच्या सासूबाई म्हणत, पाटीवर लिहिणं म्हणजे हाताने बोलणं आणि हातवारे करणं म्हणजे अंगभर बोलणं. त्यापेक्षा सरळ तोंडाने बोलावं, निदान देवाची फसवणूक तरी होत नाही. सत्तावीस वर्षं हा नेम बिनबोभाट चालला होता. शशिकांतरावांना त्याचा काडीचा त्रास नव्हता, कारण शशिकांतराव बायकोला कधी काही विचारतच नसत.

म्हणजे तिरसट वगैरे नव्हते हं. स्वभावाने गोडच माणूस. पण ते विचारत नसत, सांगत. "विभा, तुला थंडी वाजतेय," असं म्हणून शाल आणून द्यायचे. हॉटेलात बसल्या बसल्या वेटरला सांगायचे, "हिला इडली." इडली विभावरीबाईंना आवडायची, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती आणि जागा अजून सापडली नव्हती.

फेब्रुवारी २०२० मध्ये दोघं तीन महिन्यांसाठी मुलाकडे परदेशात, अटलांटिकजवळच्या शॅननला आली. मग विमानं बंद झाली, मग पुण्यात दुसरी लाट आली, आणि तीन महिन्यांचे अठरा झाले. मुलगा जयेश लिमरिकच्या एका कारखान्यात हृदयात बसवायच्या नाजूक जाळ्या तयार करणाऱ्या मशीनांवर इंजिनीयर होता. सून स्वरूपा घरूनच ऑफिस करायची. दोघंही माणसांना जपणारी. पण त्या घरात हीटरपासून दाराच्या घंटीपर्यंत सगळं फोनवरून चालायचं. शशिकांतराव कशाला हात लावायला गेले की दोघांपैकी एक जण प्रेमाने म्हणायचं, "राहू द्या बाबा, मी करते," नाहीतर, "राहू द्या बाबा, मी बघतो." अठरा महिने हे 'राहू द्या' ऐकून शशिकांतराव पाणी न घातलेल्या कुंडीसारखे दिसायला लागले होते. बाकी कुणाला दिसो न दिसो, विभावरीबाईंना दिसत होतं. जपाला बसल्यावर देवाकडे काही मागायचं नाही, हा त्यांचा आणखी एक नेम. पण हल्ली एक मागणं आपोआप ओठांवर यायचं. यांच्या हातून एखादं काम होऊ दे रे बाबा. आणि पुरतं होऊ दे.

ते काम एका जुन्या कॅम्परव्हॅनच्या टपावर बसून आलं.

जुलैमध्ये जयेशने एनिसच्या एका म्हाताऱ्या जोडप्याकडून ती गाडी घेतली. सतरा वर्षांची गाडी. आत दोन बिछाने, दोन शेगड्या, एक छोटा टीव्ही, आणि टपावर पालथी झोपलेली एक डिश. छतातून आत एक हँडल लोंबत होतं. ते फिरवलं की वरची डिश उठून बसायची, अशी मूळ योजना. पण आतले दाते झिजले होते. हँडल फिरत राहायचं आणि डिश झोपूनच राहायची.

"डिश आता कोण वापरतं, बाबा?" जयेश म्हणाला. "मंगळवारी माणूस येतोय. तो ती काढून टाकेल आणि तिथे सोलर पॅनल बसवेल."

"काढायची नाही. मी लावतो."

"राहू द्या बाबा, कशाला..."

"जयेश," शशिकांतराव ताठ बसत म्हणाले, "सत्त्याण्णव साली निगडीत आपल्या कॉलनीच्या गच्चीवर बारा फुटांची डिश मी लावली होती. सात बिल्डिंगांना केबल. तू ज्या कार्टूनांपायी चौथीत नापास होता होता वाचलास, ती माझ्या डिशवरून यायची."

स्वरूपाने मध्ये पडून तोड काढली. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी सुट्टी असते, तेव्हा शनिवारपासून किलकीच्या बाजूला समुद्राकाठी जाऊन राहायचं. रविवारी सकाळी ती आणि जयेश कड्यावरून लांब फिरून येतील. एक वाजता परत येईपर्यंत टीव्हीवर चित्र दिसलं, तर डिश राहील. नाही दिसलं, तर मंगळवारी जाईल.

"फेअर आहे?"

"ग्रँड," जयेश इथल्या लोकांसारखा होकार देत म्हणाला.

"एक कशाला? अकराला लावतो," शशिकांतराव म्हणाले.

तर असा तो रविवार. दहाच्या सुमाराला मुलं बूट घालून निघून गेली. विभावरीबाईंची अंघोळ झालेली, पूजा झालेली, म्हणजे तोंड बंद. शेगडीजवळच्या कप्प्यात डबीतला बाळकृष्ण बसवलेला, बाजूला तांदूळ धुऊन ठेवलेले. शशिकांतरावांनी गाडीच्या मागची शिडी हलवून पाहिली, पाना खिशात घातला आणि हुकूम सोडले.

"तू टीव्हीसमोर बस. त्यावर दोन पट्ट्या दिसतील. पट्टी वाढली की ताटली एकदा वाजव. कमी झाली की दोनदा. बोलायचं कारणच नाही. तुझं व्रतही सांभाळलं जाईल."

घंटा वाजवलेली मौनात चालते, आरतीतही वाजवतोच की, असा विचार करून विभावरीबाई स्टीलची ताटली आणि पळी घेऊन बसल्या.

शशिकांतराव शिडीवर चढले आणि त्यांनी आजूबाजूला नजर टाकली. कॅम्पसाइटवर वीस-पंचवीस गाड्या आणि चाकांवरची घरं होती, त्यातल्या बऱ्याच घरांवर डिश होत्या. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, आग्नेयेला. आणि सगळ्यांच्या माना खाली. एकही आभाळाकडे बघत नव्हती. जणू देवळात रांगेने नमस्काराला वाकल्यात.

"बघ," शशिकांतराव वरून ओरडले, "अटलांटिकचा वारा! अख्ख्या देशाच्या डिश वाऱ्याने वाकल्यात आणि एकाला सरळ करायची बुद्धी होत नाही. दिशा बरोबर आहे, माना पडल्यात!"

आत विभावरीबाईंच्या हातातली पळी थबकली.

पहिल्या लॉकडाऊनमध्ये घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही असा नियम होता. त्या दोन किलोमीटरांतली प्रत्येक गल्ली विभावरीबाईंनी नामस्मरण करत शंभरदा तुडवली होती. बघायला माणूस नसे, म्हणून त्या घरं बघायच्या. प्रत्येक घराला डिश, आणि प्रत्येक डिशची मान खाली. आडोशाच्या भिंतीवरची, जिथे वारा पोचतही नाही, तिचीसुद्धा. आणि खिडकीतून टीव्हीचा आवाज व्यवस्थित बाहेर यायचा. इथल्या डिश खालीच बघतात, हे त्यांना शॅननमधल्या दुधाच्या दुकानाइतकं ठाऊक होतं. का बघतात, ते ठाऊक नव्हतं. पण कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

कुणी विचारलं नव्हतं.

शशिकांतरावांनी हँडलचा नाद सोडला, पान्याने नट सैल केला आणि डिशची मान हातानेच धरून वर केली. चांगली, निगडीसारखी, आभाळात खुपसल्यासारखी. मग हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवू लागले. टीव्हीवर दोन पट्ट्या आल्या. वरची लाल पट्टी थोडी वाढली. विभावरीबाईंनी ताटली वाजवली. ठण्ण!

शशिकांतराव धावत उतरले, आत आले, टीव्हीकडे बघितलं. काळा पडदा आणि त्यावर 'सिग्नल नाही'.

"तू चुकून वाजवलीस."

पुन्हा वर. ठण्ण. पुन्हा खाली. काळा पडदा. पुन्हा वर. ठण्ण ठण्ण. पुन्हा ठण्ण. चौथ्या खेपेला दारात पोहण्याच्या कपड्यांतली तीन पोरं धापा टाकत उभी राहिली. घंटा ऐकून आइस्क्रीमची गाडी आली असं त्यांना वाटलं होतं. विभावरीबाईंनी त्यांच्या हातावर एकेक राजगिऱ्याची वडी ठेवली. पोरांनी ती हुंगली, चाखली, आणि निराशा न दाखवता "थँक यू" म्हणून निघून गेली.

अकरा वाजले. शशिकांतरावांच्या कपाळावर घाम होता, आणि तो उन्हाचा नव्हता, कारण ऊन नव्हतंच.

तेवढ्यात शेजारच्या घरातून ब्रीडा आली. चाकांवरचं पण गेली वीस वर्षं न हललेलं तिचं घर होतं. वय सत्तरीचं, हातात चहाचा मग, आणि जिभेला विश्रांती ठाऊक नाही. दोन मीटर अंतर राखून ती दारातल्या खुर्चीवर बसली आणि सुरूच झाली. हवा, खोकला, लशीचा दुसरा डोस, बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन, शेजारच्या कुत्र्याचं चालचलन. विभावरीबाई मान हलवत होत्या. होय. नाही. होय. वीस मिनिटांनी ब्रीडा शिडीकडे बघून म्हणाली, "तुमची बायको म्हणजे कमाल आहे हो! किती छान गप्पा मारते!"

"ती बोलत नाही," वरून शशिकांतराव म्हणाले. "तिचं व्रत आहे. देवासाठी. जेवणापर्यंत मौन."

ब्रीडाचा मग हातातच राहिला. मग तिचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे आमच्या ईस्टरआधीच्या लेंटसारखं! मी लेंटचे चाळीस दिवस चहात साखर घालत नाही. आणि गेल्या वर्षीच्या मार्चपासून एकही रविवार माझा मास, म्हणजे चर्चमधली फादरची प्रार्थना, चुकलेला नाही. चर्च बंद होतं तेव्हा टीव्हीवर, आणि आता उघडलंय तरी टीव्हीवरच, माझी छाती नाजूक आहे ना. बरोबर बारा वाजता. पण मौन! माझा नवरा मार्टिनसुद्धा बोलायचा नाही. पण तो काही देवासाठी नव्हे."

विभावरीबाईंना ही बाई फार आवडली. काही माणसांशी ओळख लागायला बोलावं लागत नाही, आणि ब्रीडा होती म्हटल्यावर बोलायला मिळण्याचा प्रश्नही नव्हता.

शशिकांतरावांची नजर मात्र ब्रीडाच्या अंगणातल्या खांबाकडे गेली होती. तिथे तिची डिश होती, छातीइतक्या उंचीवर, मान खाली घालून.

"तुमची डिश पडलीय," ते उतरत म्हणाले. "वाऱ्याने. सरळ करून देतो."

विभावरीबाईंनी जोरजोराने मान हलवली. नाही, नाही, नाही. पण कुणी विचारलेलं नव्हतं, त्यामुळे कुणी बघितलंही नाही.

"ती आधीपासूनच तशी आहे बहुतेक," ब्रीडा म्हणाली.

"आधीपासूनच पडली असेल. मी यातला माणूस आहे. पाच मिनिटांचं काम."

"अहो किती चांगले तुम्ही! माझ्या पुतण्याला मी चार वर्षं एक बल्ब बदलायला सांगतेय."

शशिकांतरावांनी पाना लावला, नट सैल केला, आणि ब्रीडाच्या डिशची मान उचलून थेट ढगांकडे केली. दोन पावलं मागे सरून बघितलं. अठरा महिन्यांनी कुणीतरी त्यांना 'राहू द्या' न म्हणता काम करू दिलं होतं. त्या भरात त्यांनी ब्रीडाच्या दाराची करकरणारी बिजागरीसुद्धा घट्ट करून दिली.

विभावरीबाई आत गेल्या. कुकरमध्ये वरण-भात लावला. लक्ष सगळं बाहेरच्या खांबाकडे, म्हणून डाळीत हिंग जरा जास्त पडला.

पावणेबाराला ब्रीडा पुन्हा आली. या वेळी हातात चहाचा मग नव्हता.

"माझा टीव्ही गेला."

"गेला म्हणजे?"

"म्हणजे काळा झालाय. सिग्नल नाही म्हणतोय. पंधरा मिनिटांत मास आहे. दीड वर्षात पहिल्यांदा..." एवढं बोलून ती थांबली. ब्रीडा वाक्याच्या मध्ये थांबते, हे विभावरीबाईंना पाऊण तासाच्या ओळखीतही धोक्याचं वाटलं.

शशिकांतराव शिडीवर उभे राहून विचार करत होते. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"आता कळलं! माझंही येत नाही, तुमचंही गेलं. म्हणजे दोष आपला नाहीच. उपग्रहच बिघडलाय!"

विभावरीबाईंनी डोळे मिटले. एकच शब्द होता. 'खाली.' दोन अक्षरं. तोंड उघडलं असतं तर ब्रीडाला मास मिळाला असता, डिश वाचली असती, सगळं मार्गी लागलं असतं. सत्तावीस वर्षांचा नेम दोन अक्षरांत गेला असता, ते एक वेळ देवाने पोटात घातलंही असतं. पण मग एक वाजता जयेश आला असता आणि शशिकांतरावांनी खरं तेच सांगितलं असतं, की मला जमत नव्हतं, हिने सांगितलं. आणि जयेशने प्रेमाने म्हटलं असतं, "राहू द्या बाबा." तेच पुन्हा. नैवेद्य लवकर दाखवावा, तर कुकरची एकही शिट्टी झालेली नव्हती, आणि कच्चा भात देवापुढे ठेवायचा म्हणजे काय!

त्यांनी पळी खाली ठेवली. ताटली खाली ठेवली. बाहेर आल्या आणि शिडीच्या पायथ्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

"विभा, तू आत जा. पट्ट्या बघ."

त्या हलल्या नाहीत.

"अगं, आत जा."

नाहीच. एक्केचाळीस वर्षांत सांगितलेलं ऐकून त्या हलल्या नाहीत, असं पहिल्यांदाच घडत होतं. शशिकांतराव गोंधळले. हातातला पाना खाली आला.

"काय? काय झालं?"

याला होय-नाही असं उत्तर नव्हतं. विभावरीबाई नुसत्या बघत राहिल्या.

"चक्कर येतेय?"

नाही.

"मी पडेन म्हणून काळजी वाटतेय?"

होय. पण त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की ते आत्ताचं काम नाही.

"जेवण तयार?"

नाही.

"मग ब्रीडाबाईंच्या टीव्हीचं?"

होय.

"त्यांचा टीव्ही... उपग्रहामुळे गेला."

हा प्रश्न नव्हता. विभावरीबाई ढिम्म. शशिकांतरावांनी ते ओळखलं. त्यांनी घसा खाकरला. देवीसमोर कौल लावताना गुरव जसा शब्द तोलून मापून विचारतो, तसं विचारलं, "उपग्रहामुळे गेला का?"

नाही.

"माझ्यामुळे गेला?"

विभावरीबाईंनी मान हलवायला दोन क्षण घेतले. पण हलवली. होय.

शशिकांतराव शिडीवरून उतरले. ब्रीडाच्या डिशकडे बघितलं. मग पलीकडच्या घराच्या डिशकडे. मग त्याच्या पलीकडच्या. त्या सगळ्या डिशमध्ये फक्त दोन माना आभाळाकडे होत्या, आणि दोन्हींना त्यांचा हात लागला होता.

"म्हणजे या पडलेल्या नाहीत? मुद्दाम अशा लावल्यात?"

होय.

"सगळ्या?"

होय.

"शॅननमध्येही अशाच?"

होय, होय.

"तुला हे आधीपासून माहीत होतं?"

होय.

"किती... नाही, थांब. सकाळी मी वर चढलो, तेव्हा माहीत होतं?"

होय.

"आणि मी तुला विचारलं नाही."

हासुद्धा प्रश्न नव्हता. तरी विभावरीबाईंनी या एका वाक्याला सवलत दिली आणि मान हलवली.

शशिकांतराव डोकं खाजवत उभे राहिले. "पण खाली कशी बघेल डिश? उपग्रह काय जमिनीत..." आणि वाक्य अर्धंच राहिलं. डोळे बारीक झाले. त्यांनी एक मूठ वळून पृथ्वी केली, दुसऱ्या हाताचं बोट उपग्रहासारखं तिच्या कमरेशी धरलं. मुठीच्या मध्यावर पुणे. मुठीच्या वरच्या टोकाजवळ किलकी. बोटाकडे बघायला किलकीला मान खालीच घालावी लागत होती.

"अरेच्चा! उपग्रह विषुववृत्तावर! निगडीत तो डोक्यावर होता, इथे क्षितिजाला टेकलाय! त्यात या लहान डिश येणारी लहर तिरकी झेलतात, म्हणून वाकलेल्या दिसतात! आपण पृथ्वीच्या टोकावर राहतोय, विभा! हा तर सातवीचा भूगोल! मी काय आयुष्यभर निगडीतच डिश लावतोय!"

"सात मिनिटं राहिली," ब्रीडा हळूच म्हणाली. तिला मराठी कळत नव्हतं, पण मुठीचा आणि बोटाचा भूगोल कळल्यासारखा दिसत होता.

आता काम पळत सुटलं. ब्रीडा तिच्या खिडकीत टीव्हीसमोर, शशिकांतराव खांबापाशी, विभावरीबाई मधोमध. शशिकांतरावांनी मान थोडी खाली केली आणि वळून विचारलं, "अजून?" विभावरीबाईंनी शेजारच्या डिशवरून अंदाज घेतला. होय. "अजून?" होय. "आणखी?" होय. "एवढी बास?" नाही. माणूस दर बोटभर अंतराला प्रश्न विचारत होता. आपल्याला हा छंद लागतोय, याची त्यालाही जाणीव नव्हती.

"थांबा!" ब्रीडा खिडकीतून किंचाळली. "थांबा, थांबा! फादर दिसले! गेले! आले! हलू नका, देवाची शपथ, श्वाससुद्धा घेऊ नका!"

शशिकांतरावांनी श्वास रोखून नट आवळला. आतून घंटेचा आवाज आला आणि पाठोपाठ धीरगंभीर आवाजात प्रार्थना. ब्रीडाने खिडकीतूनच दोन्ही हात जोडले. कुणाला जोडले ते विभावरीबाईंना नक्की कळलं नाही, पण त्यांनीही जोडले.

राहिली आपली. शशिकांतराव शिडीवर चढले. डिशची मान ब्रीडाच्या डिशइतकी खाली आणली आणि मग विचारलं, "बरोबर?" विभावरीबाईंनी डोकं मागे-पुढे करून नीट मापलं. नाही. शशिकांतरावांनी ती आणखी थोडी खाली केली. "आता?" होय. मग त्या आत गेल्या. ताटली उचलली. शशिकांतराव आता इंच इंच फिरवत होते. वरची पट्टी तांबडी, तशीच. खालची, सकाळपासून मेल्यासारखी पडलेली दुसरी पट्टी एकदम हिरवी होऊन टोकापर्यंत गेली.

ठण्ण!

"आलं?" वरून आवाज. ठण्ण! "नक्की?" ठण्ण! या आनंदात त्यांचा कोपर डिशला लागला. ठण्ण ठण्ण! "गेलं?" ठण्ण! सगळ्या कॅम्पसाइटवर ताटलीचा नाद घुमत होता, आणि सकाळची ती तीन पोरं आता फसायची नाहीत म्हणून दुरूनच बघत होती. शेवटी एक लांब ठण्ण झाला आणि तो टिकला. पडद्यावर तेच चर्च, तेच फादर आणि तीच प्रार्थना. दोन घरांतून एकाच वेळी एकच मास ऐकू येत होता.

कुकरची तिसरी शिट्टी झाली.

एक वाजायला पाच मिनिटं असताना जयेश आणि स्वरूपा आले. जयेशने टीव्हीकडे बघितलं, टपाकडे बघितलं, परत टीव्हीकडे बघितलं.

"बाबा! काय सांगता! कसं जमलं?"

"विचारलं."

"कुणाला? गूगलला?"

"तुझ्या आईला."

"आई तर मौनात आहे!"

"म्हणून तर सोपं गेलं. होय की नाही, एवढंच. बोलती असती तर मीच बोलत राहिलो असतो." आणि मग त्यांनी मूठ आणि बोट वापरून जयेशला सातवीचा भूगोल समजावला. जयेश इंजिनीयर होता, तरी शेवटपर्यंत ऐकून घेतला. मध्ये एकदाही 'राहू द्या' म्हणाला नाही. उलट म्हणाला, "बाबा, हे मला नव्हतं माहीत." शशिकांतराव टवटवीत झाले.

"मग मंगळवारच्या माणसाला काय सांगू?" जयेशने विचारलं.

शशिकांतराव सांगायला तोंड उघडत होते. सवयीने उघडलं होतंच. पण ते विभावरीबाईंकडे वळले.

"डिश राहू दे आणि सोलर मागच्या बाजूला बसवू दे. चालेल?"

होय.

"मागे ऊन लागेल?"

होय.

"आधी जेवायचं?"

होय.

"लोणचं काढू?"

होय.

"खिडकी लावू? वारा लागतोय? टीव्हीचा आवाज कमी करू? तुला ही खुर्ची नीट आहे ना?"

"बाबा," स्वरूपा हसू दाबत म्हणाली, "आईंची मान दुखेल."

मान खरंच दुखायला लागली होती. विभावरीबाईंनी वरण-भातावर तूप घातलं, वर तुळशीचं पान ठेवलं, डबीतल्या बाळकृष्णापुढे ताटली ठेवून पाणी फिरवलं आणि डोळे मिटले. मागणं काही नव्हतं. ते मघाशीच पुरं झालं होतं. हिंग जास्त झालाय, तेवढं सांभाळून घे, एवढंच मनात म्हणाल्या. डोळे उघडले. मौन सुटलं.

सगळे त्यांच्याकडे बघत होते. सकाळपासून अडकलेले सगळे शब्द आता धो धो बाहेर पडणार, अशा तयारीने जयेश हसत बसला होता. शशिकांतरावांनी मात्र रिमोट उचलला आणि तो बायकोपुढे धरला. शंभर-दीडशे वाहिन्या दिसत होत्या. लंडनच्या बातम्या, घरं विकायचे कार्यक्रम, स्वयंपाकाचे कार्यक्रम, एका वाहिनीवर हिंदी कीर्तन.

"विभा," ते म्हणाले, "तुला काय बघायचंय?"

विभावरीबाईंनी रिमोट हातात घेतला. उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं. आतापर्यंत याची गरजच पडली नव्हती, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं. भात गार होत होता, फादर सावकाश बोलत होते, आणि तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"थांबा," त्या म्हणाल्या. "जरा विचार करू दे."

आणि शशिकांतराव, जेवणाचं ताट मांडीवर घेऊन, थांबले.